धरावे कोठे, सोडावे कोठे : नादशास्त्रज्ञ क्लाड्नी

टाळ दोरीला धरून वाजवला, की त्याचा नाद देवळाच्या बाहेर ओट्यापर्यंत ऐकू येतो. तोच टाळ मुठीत आवळून वाजवला, तर नुसता खट् असा आवाज येतो आणि विरतो. धातू तोच, हात तोच आणि आघातही तेवढाच. मग नाद गेला कोठे? टाळ कसा धरावा हे भजनाला बसणाऱ्या लहान मुलालाही ठाऊक असते. पण तो तसाच का धरावा, याचा कोणी विचार करीत बसत नाही. वाद्य कशाचे बनवले आहे आणि ते कोण वाजवतो, याकडे आपले लक्ष असते. ते कोठे धरले आहे, कशाला टांगले आहे, कशावर टेकवले आहे, याकडे सहसा जात नाही. आणि तरीही वाद्य बोलणार की मुके राहणार, हे पुष्कळदा त्या धरण्याच्या जागेवरच ठरते.

ही गोष्ट वाळूच्या कणांनी डोळ्यांना दाखवून देणारा माणूस सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी जर्मनीत होऊन गेला. त्याचे नाव अर्न्स्ट फ्लोरेन्स फ्रीडरिश क्लाड्नी. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतून 'क्लाड्नीच्या आकृत्या' हे शब्द आजही भेटतात. मी कलाशाखेची विद्यार्थिनी, शास्त्र मागे शाळेतच सुटले. परंतु संगीत हा माझा ऐच्छिक विषय असल्यामुळे नादाविषयी वाचता वाचता या माणसाची ओळख झाली, आणि त्याच्या शोधाइतकेच त्याच्या आयुष्यानेही मला विचार करायला लावले. ती ओळख आपणा सर्वांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

क्लाड्नीचा जन्म ३० नोव्हेंबर १७५६ रोजी सॅक्सनीमधील विटेनबर्ग या गावी झाला. विटेनबर्ग हे मार्टिन ल्यूथरचे गाव. १५१७ साली येथूनच त्याने धर्मसुधारणेच्या चळवळीला तोंड फोडले होते. क्लाड्नीचे पूर्वज मूळचे आजच्या स्लोव्हाकियातील क्रेम्निट्सा येथले. प्रॉटेस्टंट पंथाच्या छळामुळे ते घर सोडून सॅक्सनीत आले आणि विद्येच्या बळावर तेथे स्थिरावले. आजोबा धर्मशास्त्राचे प्राध्यापक, तर वडील विटेनबर्ग विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक. म्हणजे ज्या घरात पुस्तकांना तोटा नाही, असे ते घर होते.

पण पुस्तके असली म्हणजे मोकळीक असतेच असे नाही. क्लाड्नी लहान असतानाच त्याची आई वारली. वडिलांचा हा एकुलता एक मुलगा. त्यांची शिस्त अतिशय कडक होती. मुलाने घराबाहेर पडून इतर मुलांत मिसळावे हे त्यांना पसंत नव्हते. खोलीत बसावे आणि अभ्यास करावा, एवढेच त्याच्या वाट्याला आले. खिडकीतून दिसेल तेवढे आकाश आणि टेबलावर पसरलेले जगाचे नकाशे, यांतच त्याचे बालपण गेले. दूर देशीच्या प्रवासाची आणि ग्रहताऱ्यांची ओढ त्याला तेव्हाच लागली असावी. पुढे ग्रिमा येथील शाळेत त्याला पाठवले, तेथेही देखरेख तशीच होती.

वाचकहो, हे वाचताना मला क्लाड्नीच्या वडिलांचा राग आला नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. संध्याकाळी सहाच्या एस. टी.ने घरी पोचले नाही, तर माझे वडील फाट्यावर येऊन उभे राहतात. वाचनालयात थांबायचे म्हटले तर आई आधी नको म्हणते आणि मग विचार करते. यात दुष्टपणा कोणाचाच नसतो. ज्यांना आपण जपतो त्यांना आपण धरून ठेवतो, आणि जास्त जपायचे असेल तर जास्त घट्ट धरतो. क्लाड्नीच्या वडिलांनीही तेच केले असणार. फक्त कोठे धरावे, हे त्यांना उमगले नाही.

मुलाने आपल्याप्रमाणेच कायदा शिकावा, असे वडिलांनी ठरवले होते. मुलाचा ओढा वैद्यकाकडे आणि निसर्गशास्त्राकडे होता. पण त्याला विचारतो कोण? आधी विटेनबर्ग आणि मग लाइपझिग येथे त्याने कायद्याचा अभ्यास केला आणि १७८२ साली पदवी मिळवली. त्याच साली वडील वारले. पंचवीस-सव्वीस वर्षांचा हा तरुण एकदम मोकळा झाला. डोक्यावरचे छत्र गेले आणि उत्पन्नाचे साधनही गेले. हाती कायद्याची पदवी होती. शहाण्या माणसाने वकिली धरली असती किंवा एखादी सरकारी जागा मिळवली असती. क्लाड्नीने कायद्याची पुस्तके मिटली आणि निसर्गशास्त्राची उघडली.

संगीत तो शिकू लागला ते वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. संगीतात हे वय फारच उशिराचे समजतात. ज्यांची बोटे पाचव्या-सहाव्या वर्षी वाद्यावर फिरू लागतात, त्यांची बरोबरी एकोणिसाव्या वर्षी बसणाऱ्याने काय करावी? पण उशिरा सुरुवात करणाऱ्याचा एक फायदा असतो. लहानपणी शिकणारा जे सवयीने स्वीकारतो, त्याविषयी मोठेपणी शिकणारा प्रश्न विचारतो. स्वर कसा निघतो, हे क्लाड्नीला नुसते ऐकून भागले नाही. तो पुस्तके शोधू लागला.

शोधताना त्याच्या ध्यानात आले, की तारेच्या कंपनांविषयी बर्नुली, ऑयलर यांच्यासारख्या थोर गणितज्ञांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. परंतु पत्रा, तबकडी, घंटा अशा रुंद वस्तू कशा थरथरतात, याविषयी जवळजवळ काहीच माहीत नाही. तार ही नुसती रेघ आहे, तिला लांबी तेवढी असते. तबकडीला लांबीही आहे आणि रुंदीही आहे. तिच्यातली हालचाल कोठून कोठे जाते, हे कोणाच्याच डोळ्यांना दिसत नव्हते.

सामग्री म्हणावी तर क्लाड्नीजवळ एक पितळी तबकडी होती. तिच्या मधल्या खिळीला त्याने शिकंजात पकडले आणि तिच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढला. तबकडीतून दीर्घ आणि स्वच्छ स्वर निघाला. कडेवर निरनिराळ्या ठिकाणी बोट लावून गज ओढला, तेव्हा निरनिराळे स्वर निघाले. एकाच तबकडीत इतके स्वर लपलेले असतील, तर प्रत्येक स्वराच्या वेळी तिची थरथर वेगळी असली पाहिजे, हे त्याने ताडले. पण ती पाहायची कशी?

याच सुमारास गटिंगेनच्या लिश्टेनबर्ग या प्राध्यापकाचा एक प्रयोग त्याच्या वाचनात आला. विजेचा भार दिलेल्या राळेच्या वडीवर बारीक भुकटी टाकली, की ती ताऱ्यांसारख्या आकृतींत मांडली जाते, असे लिश्टेनबर्गने १७७७ साली दाखवले होते. वीज दिसत नाही, पण भुकटी तिची खूण दाखवते. मग नादाची खूण का दाखवू नये? क्लाड्नीने तबकडीवर वाळू पसरली आणि गज ओढला. वाळू उडू लागली, सरकू लागली आणि क्षणार्धात दहा-बारा किरणांचा एक तारा तबकडीवर उमटला. ही गोष्ट १७८५ ची. वाळूच्या त्या ताऱ्याने क्लाड्नीच्या आयुष्याची दिशा ठरवली.

न्याय म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूक याने १६८० सालीच काचेच्या पट्टीवर पीठ टाकून गजाने ती वाजवली होती आणि पीठ रेषांत गोळा होताना पाहिले होते. पण त्याने तो धागा पुढे नेला नाही. क्लाड्नीने वर्तुळाकार, चौकोनी, अशा अनेक तबकड्या घेतल्या, शेकडो वेळा गज ओढला, प्रत्येक आकृती काढून ठेवली आणि तिच्यापुढे तिचा स्वर लिहिला. १७८७ साली लाइपझिग येथे त्याचे नादविषयक शोधांचे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि नादशास्त्राला डोळे मिळाले.

आता या आकृत्यांचा अर्थ काय, तो पाहू. तबकडी वाजते तेव्हा ती सगळीच्या सगळी सारखी हलत नाही. तिचे काही भाग वर जातात, तेव्हा शेजारचे भाग खाली जातात. वर जाणारा आणि खाली जाणारा भाग जेथे मिळतात, ती रेषा स्थिर राहते. हिला निस्पंद रेषा म्हणतात. हलणाऱ्या भागावर वाळूला बसू दिले जात नाही. ती उडत उडत या स्थिर रेषांवर येऊन विसावते. म्हणजे वाळूची आकृती हा तबकडीच्या शांत जागांचा नकाशा आहे.

चौकोनी तबकडी मध्यभागी धरावी, एका बाजूच्या मध्यावर बोट टेकवावे आणि कोपऱ्याजवळ गज ओढावा. वाळू अधिक चिन्हासारखी मांडली जाते. रेषा समोरासमोरच्या बाजूंचे मध्य जोडतात. आता बोट कोपऱ्यावर ठेवावे आणि गज बाजूच्या मध्यावर ओढावा. स्वर चढतो, कंपनसंख्या साधारण दीडपट होते आणि वाळू कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गुणाकाराच्या चिन्हासारखी होते. तबकडी बदलली नाही, गज बदलला नाही. बदलली ती फक्त धरण्याची जागा.

क्लाड्नीच्या सर्व प्रयोगांचे मर्म येथे आहे. जेथे बोट टेकते, ती जागा हलू शकत नाही. म्हणून ज्या कंपनात ती जागा मुळातच स्थिर असते, ते कंपन सुखाने चालू राहते. ज्या कंपनाला ती जागा हलायला हवी असते, ते गुदमरते. धरणारा हात काही स्वरांना आधार देतो आणि काहींना मारतो. स्थिर जागी धरले तर वस्तूला धरल्याचे जाणवतही नाही. हलत्या जागी धरले, तर तिची शक्ती हातात, लाकडात, भिंतीत झिरपून जाते. टाळाचा मध्य स्थिर असतो आणि कड हलते. दोरी मध्यातून जाते, म्हणून टाळ वाजतो. मूठ कडेला आवळते, म्हणून तो मुका होतो.

यात एक आकडाही सांगण्यासारखा आहे. झायलोफोन किंवा काष्ठतरंग यांच्या सारख्या जाडीच्या पट्ट्या दोन आधारांवर ठेवलेल्या असतात. अशा पट्टीच्या मूळ स्वराच्या दोन शांत जागा दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे २२.४ टक्के अंतरावर असतात. पट्टी १०० सेंटिमीटर लांब असेल, तर टोकापासून साडेबावीस सेंटिमीटरच्या जरा अलीकडे. आधार तेथे दिला तर पट्टी गाते. अगदी टोकांना दिला तर ती नुसती टकटकते. सुतार हे कानाने शोधतो आणि गणिती कागदावर. क्लाड्नीची वाळू ते दोघांनाही दाखवते.

एवढा मोठा शोध लावणाऱ्याला विद्यापीठाने मानाने बोलावून खुर्ची दिली असेल, असे कोणालाही वाटेल. तसे झाले नाही. क्लाड्नीला आयुष्यात कधीही प्राध्यापकाची कायम जागा मिळाली नाही. पोटासाठी त्याने फिरते व्याख्याते होण्याचा मार्ग पत्करला. नुसत्या व्याख्यानांना लोक जमत नसत, म्हणून त्याने स्वतः वाद्ये बनवली. १७९० साली त्याने 'युफोन' नावाचे वाद्य लोकांपुढे आणले. ओल्या बोटांनी काचेच्या कांड्या चोळून ते वाजवीत. १७९९ च्या सुमारास 'क्लाविसिलिंडर' तयार झाले. यात फिरणाऱ्या काचेच्या नळकांड्यामुळे स्वर निघत आणि ते पेटीसारख्या पट्ट्यांनी वाजवता येई. दोन्ही वाद्यांत कंप पावणारे भाग कसे आणि कोठे बसवायचे, हाच खरा प्रश्न होता. ते गुपित क्लाड्नीने वर्षानुवर्षे जपले, कारण त्यावर त्याची भाकरी होती. अखेर १८२१ मध्ये पुस्तक लिहून त्याने ते सर्वांना खुले केले.

घोडागाडीत वाद्ये, तबकड्या आणि वाळू घालून तो गावोगाव हिंडला. जर्मनी, ऑस्ट्रिया, हॉलंड, फ्रान्स, इटली, डेन्मार्क, रशिया! ज्या मुलाला खिडकीबाहेर जाऊ दिले नव्हते, त्याने अर्धे युरोप पालथे घातले. त्याने लग्न केले नाही, घर असे फारसे मांडले नाही.

या प्रवासातच त्याने आणखी एक मोठी कामगिरी केली. तिचा उल्लेख केल्यावाचून त्याचे चरित्र पुरे होणार नाही. १७९४ साली त्याने एक पुस्तक लिहून असे प्रतिपादन केले, की आकाशातून पडणारे लोखंडी आणि दगडी गोळे पृथ्वीबाहेरून, अंतराळातून येतात. त्या काळच्या बहुतेक पंडितांनी त्याची थट्टा केली. पण २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेग्ल या गावाजवळ हजारो दगड आकाशातून कोसळले. बिओ या शास्त्रज्ञाने तेथे जाऊन कसून चौकशी केली आणि क्लाड्नीचे म्हणणे खरे ठरले. म्हणून उल्काशास्त्राचा जनकही त्यालाच म्हणतात.

१८०२ मध्ये त्याचा 'नादशास्त्र' हा मोठा ग्रंथ जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. पुढे तो पॅरिसला गेला. लाप्लाससारखे शास्त्रज्ञ त्याच्यावर प्रसन्न झाले आणि फेब्रुवारी १८०९ मध्ये त्यांनी त्याला सम्राट नेपोलियनपुढे नेले. नेपोलियन गणिताचा जाणता होता. वाळूच्या आकृत्या त्याने बारकाईने पाहिल्या, प्रश्न विचारले आणि ग्रंथ फ्रेंच भाषेत यावा म्हणून ६००० फ्रँक दिले. त्याच वर्षी तो फ्रेंचमध्ये निघाला. पण नेपोलियनला एक गोष्ट खटकली. आकृती का उमटते हे कळले, पण अमुकच का उमटते, याचे गणित कोठे आहे? त्यासाठी फ्रान्सच्या विज्ञानसंस्थेमार्फत बक्षीस जाहीर झाले.

हे बक्षीस कोणी मिळवले, ते आम्हा मुलींना विशेष अभिमान वाटावा असे आहे. ते मिळवले सोफी जर्मेन हिने. १७९४ मध्ये पॅरिसला मोठे तंत्रविद्यालय निघाले. पण तेथे मुलींना प्रवेश नव्हता. ल ब्लाँ या पुरुषाच्या नावाने तिने तेथल्या व्याख्यानांची टिपणे मिळवली आणि आपली उत्तरे पाठवली. लहानपणी तिने रात्री गणित करू नये म्हणून आईवडील तिच्या खोलीतील मेणबत्त्या काढून घेत, असे सांगतात. क्लाड्नीच्या आकृत्यांवर तिने एकदा निबंध पाठवला, तो नापसंत झाला. दुसऱ्यांदा पाठवला, त्याची नुसती वाखाणणी झाली. तिसऱ्यांदा, जानेवारी १८१६ मध्ये, बक्षीस तिला मिळाले. तिच्या गणितात काही उणिवा होत्या. त्या पुढे १८५० साली किर्शहॉफ याने दूर केल्या. पण वाट पाडली ती तिनेच. विटेनबर्गच्या कोंडलेल्या मुलाचे काम पॅरिसच्या कोंडलेल्या मुलीने पुढे नेले, याला योगायोग म्हणावे की आणखी काही?

नेपोलियनच्या युद्धांत विटेनबर्गची धूळधाण झाली आणि तेथले विद्यापीठही बंद पडले. क्लाड्नी जवळच्या केम्बर्ग गावी राहू लागला, पण त्याचे फिरणे थांबले नाही. ३ एप्रिल १८२७ रोजी, अशाच एका व्याख्यानांच्या प्रवासात, ब्रेस्लाऊ येथे त्याचा अंत झाला. तेव्हा तो सत्तर वर्षांचा होता. जमवलेले उल्कापाषाण त्याने बर्लिनला ठेवून दिले.

माणूस गेला तरी त्याची वाळू थांबली नाही. १८३१ मध्ये मायकेल फॅरडे याने हलकी भुकटी निस्पंद रेषांवर न जाता उलट हलत्या जागी का जमते, याचा उलगडा केला; तबकडीलगतचे हवेचे सूक्ष्म प्रवाह तिला तिकडे ओढून नेतात. आणि आपल्या देशाचा या कथेशी संबंध आला तो सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्यामुळे. मृदंग आणि तबला यांचे स्वर इतर चर्मवाद्यांहून इतके सुरेल का, हा प्रश्न त्यांना पडला. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० पट असे विसंगत असतात, म्हणून त्याचा आवाज बोजड वाटतो. १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह आणि पुन्हा १९३४ साली रामन यांनी दाखवून दिले, की मधल्या शाईच्या वजनामुळे हे उपस्वर दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे सुरात येतात. त्यासाठी त्यांनी पुडीवर बारीक वाळू टाकली आणि आघाताबरोबर उमटणाऱ्या आकृत्या टिपल्या. रीत क्लाड्नीचीच! तबलजी शाईच्या कडेवर बोट हलकेच टेकवून 'ना' वाजवतो, तेव्हा तोही नको ते कंपन दाबून हवे ते मोकळे ठेवत असतो. आणि तबल्याखाली चुंबळ ठेवतात, ती काही नुसती शोभेसाठी नव्हे. तबला नुसत्या फरशीवर ठेवून एकदा वाजवून पाहावा, म्हणजे फरक कानाला कळतो.

हीच गोष्ट पाश्चात्त्य वाद्यमेळातल्या ड्रमनाही लागू पडते. ऑर्केस्ट्रात वादकासमोर लहानमोठे ड्रम मांडलेले असतात, त्यांतल्या मधल्या ड्रमना टॉम-टॉम म्हणतात. लाकडी खोड आणि वरखाली ताणलेले दोन पडदे, अशी त्यांची रचना असते. पूर्वी टॉमच्या खोडाला भोक पाडून तेथे लोखंडी पकड स्क्रूने आवळत आणि ड्रमचा सगळा भार त्या एका जागेवर टांगत. वरच्या पडद्यावर काठी पडली, की पडदा हलतो, पडद्याबरोबर खोडही किंचित हलते. खोड लोखंडाला घट्ट जखडलेले असेल, तर ती हालचाल पकडीतून दांड्यात, दांड्यातून स्टँडमध्ये जाते. स्वर लवकर विझतो, खालचा भरदार भाग तर आधी जातो. ज्याच्याजवळ टॉम असेल त्याने तो स्टँडवरून काढून वरच्या कड्याला दोन बोटांनी लोंबता धरावा आणि वाजवावा. मग पुन्हा स्टँडवर चढवून वाजवावा. पहिला नाद लांबतो, दुसरा तुटतो.

यावर उपाय निघाला तो क्लाड्नीच्या विचाराला धरूनच होता. पडदा कितीही प्रकारांनी थरथरला, तरी त्याचा परीघ कड्यापाशी स्थिरच असतो. मग भार खोडाच्या मध्यावर कशाला टांगायचा? १९८० च्या दशकात अशा पट्ट्या प्रचारात आल्या, की ज्या टॉमला कड्यालगत अनेक ठिकाणी धरतात, मध्ये रबराचे तुकडे ठेवतात आणि खोडाला भोक पाडतच नाहीत. रबर हालचालीला मुभा देते, तिला स्टँडमध्ये वाहून जाऊ देत नाही. काही कारखानदारांनी खोडावरचीच सर्वांत कमी हलणारी जागा शोधून पकड तेथे बसवली. जमिनीवर उभ्या राहणाऱ्या मोठ्या टॉमच्या पायांना मऊ, पोकळ रबरी टोपणे घालतात, तीही त्याचसाठी. सर्वांना लांब नाद हवाच असतो असे नाही. ध्वनिमुद्रणाच्या वेळी पुष्कळ वादक मुद्दाम पडद्यावर चिकटपट्टी लावून नाद आखूड करतात. पण तो वादकाने ठरवावा, लोखंडी पकडीने नव्हे.

क्लाड्नीचे आयुष्य वाचून संपवल्यावर माझ्या मनात जे उरले, ते एवढेच. आधाराशिवाय कोणतेच वाद्य वाजत नाही. हवेत भिरकावलेला टाळ वाजत नाही, आणि मुठीत आवळलेलाही वाजत नाही. म्हणून आम्हाला कोणी धरूच नये, असे आम्हा मुलांनी म्हणणे बरोबर नाही. फाट्यावर वाट पाहणारे वडील नसते, तर मी कॉलेजला येऊच शकले नसते, हे मला पक्के ठाऊक आहे. मागणे आहे ते इतकेच, की हात असावा, पण तो योग्य जागी असावा. मुलाला काय आवडते, कशाने त्याच्या मनात थरथर उठते, ही जागा मोकळी ठेवावी. आणि आम्हीही आपल्या शांत जागा कोणत्या, हे घरच्यांना नीट दाखवून द्यावे. क्लाड्नीच्या वडिलांना वाळूची आकृती पाहायला मिळाली नाही. आपल्या घरांत ती दाखवण्याचे काम आपलेच आहे.

विटेनबर्गमधल्या त्या एकाकी मुलाने एकोणिसाव्या वर्षी सूर धरला, सव्विसाव्या वर्षी नवी वाट धरली आणि सत्तराव्या वर्षापर्यंत ती सोडली नाही. मानाची खुर्ची त्याला मिळाली नाही, पण जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत त्याच्या नावाची वाळू आजही नाचते. अशा या नादाच्या वारकऱ्याला माझे विनम्र अभिवादन!